हातांनी शिकणारी मुले : प्रस्तावना

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो. गणिताचा धडा मागे पडला की सगळ्यात आधी त्याच तासावर गदा येते. परीक्षा जवळ आली की तो भिंतीवरच्या वेळापत्रकात राहतो आणि वर्गातून नाहीसा होतो. वर्ष संपताना नोंदी मात्र भराव्या लागतात. मग मुलांना ‘घरून एक वस्तू करून आणा’ असे सांगितले जाते. ती वस्तू रात्री जागून आई करते, नाहीतर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तयार येते. शाळेच्या कपाटात सुंदर वस्तू जमतात, पण त्या घडताना जे शिकायचे असते ते मुलाच्या वाट्याला येत नाही.

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्यामागचे म्हणणे एवढेच आहे की, हाताने वस्तू घडवणे ही शिकण्याचीच एक पद्धत आहे. अभ्यास आटोपल्यावर उरलेल्या वेळात मुलांना गुंतवून ठेवण्याचे ते साधन नव्हे. मात्र ही पद्धत फळाला यायची असेल, तर काय करायचे, कसे करायचे आणि बिघडले तर कुठून सुधारायचे हे ठरवण्याचा मोठा वाटा मुलाच्याच हाती असला पाहिजे.

कागद घडी करण्याचे अगदी साधे काम पाहा. वर्तमानपत्राच्या आयताकृती पानातून पट्टी न वापरता चौरस काढायचा आहे. एक कोपरा समोरच्या कडेवर आणून घडी घालायची आणि उरलेली पट्टी कापून टाकायची. तिसरीचे मूल हे दोन मिनिटांत करते. मग विचारायचे, ‘हा चौरसच आहे हे तू कशावरून म्हणतोस?’ उत्तर शोधताना मूल कडा एकमेकींवर ठेवून पाहते, कोपरे जुळवते, कर्णावर दुमडते. दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसतात हे त्याच्या बोटांना कळते. हाच कागद अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात घडी करत गेले की निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव, हे फळ्यावर न लिहिताही समोर उभे राहते. त्याच कागदाचे तीन सारखे भाग करायला सांगितले, तर वर्गात एकदम शांतता पसरते. कुणी अंदाजाने दुमडते, कुणी गुंडाळी करून दाबते, कुणी पट्टी शोधते. तीन भाग करणे दोन भागांपेक्षा अवघड का जाते, हा गणिताचा खरा प्रश्न आहे आणि तो मुलांनाच पडलेला असतो.

कागदाच्या घडीतून भूमिती शिकवण्याच्या कामात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. टी. सुंदरराव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारे इंग्रजी पुस्तक 1893 साली मद्रासला प्रसिद्ध केले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याचा उल्लेख केला आणि ते परदेशांतही पोहोचले. या पुस्तकाची कल्पना आपल्याला बालवाडीच्या साहित्यातल्या कागदघडीवरून सुचली, असे सुंदररावांनी स्वतः नोंदवले आहे. लहान मुलांच्या हातांसाठी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने योजलेल्या कामातून एका भारतीय गणितप्रेमीला गंभीर भूमिती दिसली. हस्तकाम आणि बुद्धीचे काम यांत आपण जी भिंत उभी करतो, ती किती कच्ची आहे हे यावरून कळावे.

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांच्या कामातले. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा अभियंता 1970 च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बारीक तुकडे एवढ्याच साहित्यातून त्यांनी आकार जोडायचा खेळ तयार केला. व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण कितीही ढकलला तरी जागचा हलत नाही. पूल, विजेचे मनोरे आणि छपराच्या कैच्या यांत त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे या काड्या हाताळलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली आणि ती सगळ्यांना मोफत खुली ठेवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साहित्य महाग असल्याशिवाय विज्ञान शिकवता येत नाही, ही सबब या एका माणसाच्या कामाने संपवली आहे.

वस्तू घडवताना मुलाला उत्तर साहित्याकडून मिळते, आणि या पद्धतीचे खरे बळ त्यातच आहे. बेरीज चुकली की शिक्षक लाल फुली मारतात. ती फुली मोठ्या माणसाच्या अधिकारातून येते आणि मूल ती निमूट मान्य करते. मातीच्या भांड्याला कान जोडताना सांध्याला पातळ चिखल लावला नाही, तर सुकल्यावर कान सुटून पडतो. इथे कुणी रागावलेले नसते. का सुटला, हे शोधणे आणि पुन्हा जोडणे एवढेच पुढे उरते. चुकीशी असे निर्मळ नाते जुळण्याची संधी शाळेत इतर विषयांत फार कमी मिळते. ज्या मुलाचे वाचन अडखळते आणि म्हणून ज्याला वर्गाने ‘कच्चा’ ठरवले आहे, त्याच्यासाठी ही संधी फार मोलाची असते. मातकामाच्या तासाला तोच मुलगा इतरांना माती किती ओली असावी ते सांगू लागतो, आणि त्याच्याविषयीचे सगळ्यांचे मत बदलते, शिक्षकांचेही.

शिवाय हातांचे बळ ही अगदी शारीरिक गोष्ट आहे. पहिलीतल्या मुलाने पेन्सिल नीट धरावी अशी आपली अपेक्षा असते. त्यासाठी बोटांचे आणि मनगटाचे स्नायू तयार व्हावे लागतात. माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, कात्रीने रेषेवरून कापणे या कामांतून ते होतात. ज्यांनी ही कामे केलेली नाहीत त्या मुलांकडून आपण पाने भरून अक्षरे गिरवून घेतो आणि अक्षर वाईट म्हणून बोलतो. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री दिली तर कागद कापला न जाता दुमडतो. दोष कात्रीचा असतो, पण मूल समजते की आपलाच हात वाईट.

भाषेचेही तसेच. घडवताना मूल बोलते, विचारते, सांगते. दुमडणे, मुडपणे, मळणे, थापणे, वळणे, ओवणे, गुंफणे, पिळणे, तासणे, उसवणे अशी क्रियापदे त्याच्या तोंडी कामाबरोबर येतात आणि रुजतात. ज्यांच्या घरी वारली, कोरकू, भिली, पावरी किंवा गोंडी बोलली जाते, त्या मुलांना शाळेची मराठी अशा कामातून सर्वांत सहज येते, कारण शब्दाचा अर्थ समोर हातात असतो. नंतर तीच मुले ‘आम्ही पतंग कसा केला’ हे पाच वाक्यांत लिहितात, तेव्हा काय लिहावे हा प्रश्न त्यांना पडत नाही.

हा विचार आजचा नाही. फ्रीड्रिश फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हापासून कागदघडी, कागदाची वीण, टोचकाम ही कामे बालशाळेचा भाग झाली. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयुस यांच्या प्रयत्नांमुळे 1866 च्या लोकशाळांच्या कायद्यात हस्तकाम हा विषय आला. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे अशी मागणी केली. कष्टकऱ्यांच्या मुलांना त्यांच्या जगण्याशी जोडलेले शिक्षण हवे, हा त्यामागचा विचार होता.

या इतिहासातले सर्वांत मोठे पान वर्ध्यात लिहिले गेले. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना तिथे मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. समितीने सुचवलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिवसात 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगासाठी होती. सूतकताई करताना तारा मोजायच्या म्हणजे अंकगणित, कापूस कुठल्या जमिनीत पिकतो म्हणजे भूगोल, हातमाग का मोडला म्हणजे इतिहास. या जोडणीला समवाय म्हटले गेले आणि नई तालीम या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेचा हाच गाभा होता.

नई तालीमवर त्या काळी टीकाही कडाडून झाली. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, हा भाग अनेकांना मान्य नव्हता. शाळेचा कारखाना होईल आणि मुले मजूर होतील, ही भीती रास्त होती. पुढे बऱ्याच ठिकाणी उद्योग राहिला आणि समवाय हरवला. मुले टकळी फिरवत राहिली, त्यातून काय शिकायचे ते कुणी विचारले नाही. सरकारी शाळांतून ही योजना हळूहळू मागे पडली. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द पुढे आणला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. कागदावर नावे बदलत गेली, वर्गात तासाची उपेक्षा तशीच राहिली. सेवाग्रामच्या नई तालीमच्या परिसरात 2005 पासून आनंद निकेतन ही शाळा चालते. शेती, स्वयंपाक, कताई ही कामे तिथे रोजच्या अभ्यासात गुंफलेली आहेत, आणि समवाय आजही शक्य आहे याचा पुरावा म्हणून शिक्षकांनी ती शाळा जरूर पाहावी.

महाराष्ट्रातल्या दुसऱ्या परंपरेचा उल्लेख मला आवर्जून करायचा आहे, कारण या पुस्तकाने सर्वाधिक तिच्याकडून घेतले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले आणि माँटेसोरी पद्धत आत्मसात केली. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीचे मूळ साहित्य महाग आणि परके होते. या दोघींनी शंख, शिंपले, बिया, काड्या, पाने, दगड, माती असे भोवतालचे साहित्य घेऊन तीच तत्त्वे उभी केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे राखायला जातात तर शाळा कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. चिंचोके आणि गुंजांनी मोजणी शिकवता येते हे त्यांनी पाड्यांवर सिद्ध केले. नंतरच्या काळात लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात 1985 मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी मुलांच्या कृतीला आणि निर्मितीला अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. मराठी शिक्षकाला प्रेरणेसाठी फार लांब जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या समाजात टाळून चालणार नाही. आपल्याकडे हाताचे काम जातीला बांधले गेले. माती कुंभाराची, बांबू बुरुडाचा, चामडे चर्मकाराचे. हात मळवणारा खालचा आणि न मळवणारा वरचा, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वर्गात सगळ्या मुलांनी एकाच परातीतली माती मळणे, सगळ्यांनी सुई-दोरा धरणे, मुलग्यांनी बटण लावणे आणि मुलींनी हातोडी चालवणे, याला म्हणूनच शिक्षणापलीकडचे मोल आहे. कुंभाराच्या घरातली मुलगी वर्गाला चाकाविषयी सांगते तेव्हा तिच्या घरचे ज्ञान शाळा मान्य करते. पण ‘तुझ्या घरचे हे काम, तूच कर’ असे म्हणून त्या मुलीला तिथेच अडकवणे हा अन्याय आहे. कौशल्य सगळ्यांचे व्हावे आणि कुणाच्याही कपाळावर ते शिक्क्यासारखे बसू नये, याची काळजी शिक्षकालाच घ्यावी लागते.

साहित्य आणि विषय शोधायला ऋतू आणि सण पुरेसे आहेत. पोळ्याला मातीचे बैल होतात. दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किल्ला बांधतात. दगड-विटांचा सांगाडा रचतात, वरून पोते टाकून चिखल लिंपतात, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवून आणतात. उतार किती ठेवायचा, बुरूज ढासळू नये म्हणून खाली काय घालायचे, दिवाळीला हिरवळ दिसावी म्हणून बी किती दिवस आधी पेरायचे, हे सगळे मुले स्वतः ठरवतात. शाळेने यातून शिकायचे ते हे की, इतके कठीण काम मुले सांगितल्याशिवाय, गुणांशिवाय आणि आनंदाने करतात. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील करताना कामट्या सारख्या लांबीच्या नसल्या तर सांगाडा वाकडा होतो. मोजमाप कशासाठी करायचे, हे त्या वाकड्या कंदिलाइतके स्पष्ट कुठलाही धडा सांगत नाही.

या पुस्तकातल्या कृतींची रचना साहित्यानुसार केली आहे: कागदकाम, मातकाम, ठसेकाम, सुई-दोऱ्याचे काम, बांबू आणि काड्यांचे काम, पानाफुलांचे काम, आणि शेवटी टाकाऊ वस्तूंतून खेळणी. प्रत्येक भागात सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम आहे. कृतीसोबत गणित, भाषा आणि परिसर अभ्यास यांतल्या कुठल्या घटकाशी तिचे नाते आहे हे दिले आहे. उदाहरणार्थ, मातकामात 10 सेंटिमीटरच्या दोन खुणा केलेली ओल्या मातीची पट्टी करून ठेवायची आणि पूर्ण सुकल्यावर ते अंतर पुन्हा मोजायचे, अशी कृती आहे. अंतर कमी भरते. का कमी भरते, वेगवेगळ्या ठिकाणची माती आणली तर सारखेच कमी भरेल का, या प्रश्नांवर चौथीचा वर्ग आठवडाभर काम करू शकतो. थर्माकोलचे काम पुस्तकात मुद्दाम घेतलेले नाही. महाराष्ट्रात 2018 पासून त्यावर बंदी आहे, आणि जी वस्तू कुजत नाही तिच्यातून निसर्गप्रेमाचे प्रकल्प करणे मुलांच्या समोर चुकीचे उदाहरण ठेवते. मैद्याची खळ, जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, चिंध्या, कणसांची साले यांवर भर दिला आहे, म्हणजे कुठल्याही पालकाला त्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत.

पुस्तक वापरताना चार गोष्टी सांभाळाव्यात अशी विनंती आहे. पहिली, अर्ध्या तासाच्या तासिकेत फक्त साहित्य वाटून गोळा होते. आठवड्यातल्या दोन तासिका जोडून घ्याव्यात. दुसरी, तयार नमुना समोर ठेवून तंतोतंत तशीच वस्तू करून घेऊ नये. चाळीस मुलांच्या हातून चाळीस सारखी फुलपाखरे निघाली, तर त्या तासाला विचार एकट्या शिक्षकानेच केला असे समजावे. तंत्र शिकवावे, आकार मुलांवर सोडावा. तिसरी, मुलाची वस्तू स्वतः सुधारून देऊ नये. भिंतीवर लावताना वाकडी वस्तूही लावावी आणि शेजारी त्या मुलाने सांगितलेले एक वाक्य लिहावे. चौथी, मूल्यमापन करताना वस्तूचा देखणेपणा मोजू नये. मुलाने अडचण कशी सोडवली, कुणाला मदत केली, दुसऱ्या वेळी काय बदलले, याची नोंद ठेवावी. कात्री, सुई आणि चाकू वापरण्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. पण भीतीपोटी ही हत्यारे मुलांपासून कायमची दूर ठेवू नयेत. जपून वापरणे हे वापरूनच येते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन काम शिकावे अशी कल्पना आहे. ती चांगली आहे. पण पाच वर्षे हात बांधून बसवलेल्या मुलाला सहावीत अचानक सुतारासमोर उभे केले, तर तो पाहुणा म्हणून जाईल आणि पाहुणा म्हणूनच परत येईल. हाताची तयारी पहिलीपासून झाली पाहिजे आणि ती वर्षाकाठी दहा दिवसांवर न थांबता दर आठवड्याला झाली पाहिजे.

या कृती वर्गांत करून पाहणाऱ्या, त्यातले काय जमले आणि काय जमले नाही ते मोकळेपणाने कळवणाऱ्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षक-शिक्षिकांची मी मनापासून ऋणी आहे. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसवून माती, कागद आणि काड्या घेऊन काम करणाऱ्या बाईंनी दाखवून दिले की मोठी मुले लहानांना शिकवू लागली की हा तास आपोआप चालतो. पुस्तकातल्या कित्येक सूचना त्यांच्याच आहेत.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढण्यासाठी नाही. त्यातली कुठलीही एक कृती निवडा, ती आधी स्वतःच्या हाताने करा, आणि येत्या आठवड्यात कार्यानुभवाचा तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला न देता वर्गात घ्या. मुलांना साहित्य द्या, वेळ द्या आणि त्यांचे हात काय सांगतात ते लक्ष देऊन पाहा. तो तास मुलांच्या हक्काचा आहे. तो त्यांना मिळालाच पाहिजे.